शाहीन नासरवादी होता का? ‘आपण’ मोजून पाहा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. इतिहासाच्या एम.ए.च्या प्रबंधासाठी तुम्ही इजिप्शियन दिग्दर्शक युसुफ शाहीनचे दोन सिनेमे पाहिलेत. 1963 च्या, धर्मयुद्धांच्या काळातल्या सुलतान सलादीनवरच्या भव्यपटात तुम्हाला इजिप्तचा तेव्हाचा अध्यक्ष नासर याचा उघड जयजयकार दिसला. 1972 च्या ‘अल-उस्फूर’मध्ये, म्हणजे ‘चिमणी’मध्ये, त्याच राजवटीचे वाभाडे काढलेले दिसले. मार्गदर्शकांनी ‘भूमिका स्पष्ट करा’ असा शेरा मारलाय. म्हणून तुम्ही विचारताय की हा माणूस नासरवादी होता की नासरविरोधी, सरकारी पैशावर सिनेमे काढणाऱ्याला ‘ऑतर’, म्हणजे सिनेमावर स्वतःची सही असलेला दिग्दर्शक, म्हणायचं का, आणि इजिप्त पाहिला म्हणजे उत्तर आफ्रिकेचा सिनेमा पाहिला असं धरून चालेल का.

शेवटच्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे, त्याकडे नंतर येतो.

आधी माझ्याबद्दल. वीसेक वर्षं मी फिल्म सोसायटीचं काम करतोय आणि कॉलेजांत रसास्वादाचे वर्ग घेतोय. अरबी मला येत नाही. सबटायटल्स आणि अरबी शिकलेली एक मैत्रीण, एवढ्या भांडवलावर माझं चालतं. तेव्हा संवादांतल्या बारकाव्यांबद्दल मी बोलेन ते उसनं आहे. चौकटीत काय दिसतं त्याबद्दल बोलेन ते माझं.

‘वादी की विरोधी’ या प्रश्नात अडचण अशी की त्यात सिनेमाचं राजकारण म्हणजे दिग्दर्शकाचं मत, असं गृहीत धरलंय. मतं मुलाखतींत सापडतात आणि दर दहा वर्षांनी बदलतात. सिनेमात मी वेगळी गोष्ट बघतो. पडद्यावर ‘आपण’ म्हणून जो घोळका उभा केलाय त्यात कोणकोण बसतं, आणि दाराबाहेर कोण राहतं? शाहीनच्या बाबतीत ही मोजणी फार फळते. कारण त्याला स्वतःलाच त्या घोळक्यात सहज जागा नव्हती.

जन्म 1926, अलेक्झांड्रिया. कुटुंब ख्रिश्चन. वडील मूळचे लेबनॉनकडचे, आई ग्रीक वंशाची. शिक्षण इंग्रजी व्हिक्टोरिया कॉलेजात, त्यानंतर अभिनय शिकायला कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाला. परत येऊन चोविसाव्या वर्षी पहिला सिनेमा. दोन वर्षांनी, जुलै 1952 मध्ये, लष्करी अधिकाऱ्यांनी राजाला घालवलं आणि पुढे नासर आला. ‘इजिप्शियन कोण’ याची नवी व्याख्या सरकार ठरवू लागलं, आणि अरबपणा हा तिचा कणा झाला. अशा वेळी तीन भाषांत वाढलेल्या शहरी ख्रिश्चन पोराने काय करावं? शाहीनने ती व्याख्या मनापासून मानली. त्याचं नासरप्रेम ढोंगी होतं असं मला कधी वाटलं नाही. पण ती मानताना दरवेळी तो तिची वीण जरा सैल करत गेला, स्वतःपुरती तरी जागा होईल इतकी.

‘बाब अल-हदीद’ (1958) तुमच्या यादीत नाही. तो आधी बघा. सगळा सिनेमा कैरोच्या मोठ्या रेल्वे स्टेशनात घडतो. हमालांची युनियन बांधणारा अबू सेरीह हा नव्या देशाचा पोस्टरवर शोभेल असा कामगार. चोरून थंड पेयं विकणारी, पोलिसांना चुकवत डब्याडब्यांतून पळणारी हनूमा त्याची होणारी बायको. आणि लंगडा पेपरविक्या किनावी. त्याच्या खोपटाच्या भिंतींवर मासिकांतून कापलेल्या बायकांची चित्रं. तो हनूमाच्या मागे वेडा झालाय. हा किनावी शाहीनने स्वतः केलाय. नायक व्हायची संधी असताना दिग्दर्शकाने स्वतःसाठी असा माणूस निवडला, ज्याला युनियनमध्येही जागा नाही आणि लग्नाच्या बाजारातही नाही. शेवटी ‘चल, तुझं लग्न लावून देतो’ असं गोंजारत त्याला वेड्यांचे हात बांधून ठेवायला घालतात तो सदरा चढवतात, आणि तो नवरदेवाचे कपडे समजून हात पुढे करतो. राष्ट्रबांधणीच्या ऐन भरात, देशातल्या सर्वात गजबजलेल्या जागी, न बसणाऱ्या माणसाची ही गोष्ट. हाणामारीच्या अपेक्षेने आलेल्या प्रेक्षकांना ती पचली नाही आणि सिनेमा आपटला.

आता सलादीन. इथे माझी एक चूक सांगतो. मी बरीच वर्षं हा सिनेमा ‘प्रचारपट’ म्हणून दहा मिनिटांत उरकायचो. तसे पुरावे ढीगभर आहेत. शीर्षकातच ‘अल-नासिर’ आहे, म्हणजे विजयी. नासरचं नाव त्याच शब्दातून येतं. इजिप्त आणि सीरियाचं संयुक्त प्रजासत्ताक 1961 मध्ये मोडलं आणि दोन वर्षांनी पडद्यावर अरबांना एकत्र आणणारा सुलतान आला. सलादीन वंशाने कुर्द होता, ही गोष्ट सिनेमा सोयीने बाजूला ठेवतो. सिनेमा आधी दुसऱ्याच दिग्दर्शकाचा होता, शाहीनकडे तो नंतर आला. एवढं सगळं सांगून मी पुढे सरकत असताना एका मुलीने विचारलं, ‘सर, तो ईसा मुसलमान आहे की ख्रिश्चन?’

ईसा अल-अव्वाम, सलादीनच्या बाजूने लढणारा पोहणारा वीर. सिनेमात तो अरब ख्रिश्चन आहे. जुन्या बखरींमध्ये जो ईसा येतो, वेढ्यातल्या शहरात समुद्रातून पोहत निरोप आणि पैसे पोहोचवणारा, तो मुसलमान. म्हणजे हा बदल मुद्दाम केलेला आहे. मला त्या मुलीला नीट उत्तर देता आलं नाही आणि पुढच्या आठवड्यात तो सगळा भाग पुन्हा घ्यावा लागला. कारण या एका बदलाने सिनेमाचं गणितच बदलतं. धर्मयुद्धाची गोष्ट धर्माची राहत नाही, भूमीची होते. इथला ख्रिश्चन इथल्या मुसलमानाच्या बाजूने, बाहेरून आलेल्या ख्रिश्चनाविरुद्ध. हे नासरच्या अरब राष्ट्रवादाला हवंच होतं. आणि शाहीनलाही हवं होतं, वेगळ्या कारणाने. सरकारी मागणी कुठे संपते आणि दिग्दर्शकाची गरज कुठे सुरू होते, हे ईसाच्या पात्रात सुट्टं करून दाखवता येत नाही. पटकथेवर इतरही बडी नावं आहेत, त्यामुळे ही कल्पना एकट्या शाहीनची असं प्रबंधात लिहू नका. तिला त्याने पडद्यावर किती जागा दिली, एवढंच लिहा.

म्हणून ‘ऑतर’बद्दल माझं म्हणणं असं. सिनेमावर सही असलेला दिग्दर्शक म्हणजे सर्व दबावांतून मोकळा माणूस, अशी आपली समजूत होऊन बसलीय. ती ज्या देशांत खासगी निर्माते आणि स्पर्धा होती तिथून आली. इजिप्तमध्ये 1960 च्या दशकात सिनेमाचा मोठा भाग सार्वजनिक क्षेत्रात गेला, अल्जीरियात तर स्वातंत्र्यानंतर सगळीच यंत्रणा सरकारची. तिथे सही शोधायची तर सरकारची मागणी आणि दिग्दर्शकाचा ध्यास एकमेकांवर घासतात त्या जागा शोधाव्या लागतात. कधीकधी घासून ठिणग्या उडतात. आस्वानच्या धरणावर सोव्हिएत आणि इजिप्शियन भागीदारीत शाहीनने सिनेमा केला, तर पहिली आवृत्ती दोन्ही बाजूंना रुचली नाही. सबंध सिनेमा वेगळा बांधून 1972 मध्ये पुन्हा आणावा लागला. त्याआधी 1960 च्या दशकाच्या मध्यात इजिप्तच्या नोकरशाहीला कंटाळून तो लेबनॉनला गेला होता आणि तिथे गायिका फैरूझला घेऊन संगीतपट करून परत आला. एवढी ये-जा केलेल्या माणसाला एका रकान्यात कसं कोंबणार?

आणि पैसा सरकारी नसला म्हणजे मोकळीक मिळते असंही नाही. पुढे त्याला फ्रेंच पैसा मिळाला. नेपोलियनच्या 1798 च्या स्वारीवरचा त्याचा सिनेमा बघताना मला सारखं वाटतं की हा आता दोन घरच्या पाहुण्यांना एकाच पंगतीत वाढतोय.

‘अल-अर्द’, म्हणजे ‘जमीन’, 1969 चा. यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाची गाठ इथे सुटते. गोष्ट 1930 च्या दशकातल्या नाईलच्या खोऱ्यातल्या गावाची. मूळ कादंबरी अब्देल रहमान अल-शरकावींची, 1954 ची. शेतीच्या पाण्याचे दहा दिवस तोडून पाच केले जातात, आणि पाशाला, म्हणजे बड्या जमीनदाराला, आपल्या वाड्यापर्यंत रस्ता हवाय तो लोकांच्या रानातून जाणार आहे.

काही वर्षांपूर्वी हा सिनेमा मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात दाखवला. प्रोजेक्टर मंद, पडदे गळके, दुपारचं ऊन भिंतीवर. मला वाटलं पोरं पहिल्या वीस मिनिटांत उठून जातील. पाच दिवसांचा हुकूम आला आणि मागून एकजण मोठ्यांदा म्हणाला, ‘पाळी तोडली!’ सगळे हसले. सबटायटलमध्ये तीन-चार इंग्रजी शब्द होते, त्यांचं काम त्या एका शब्दाने केलं. पुढे रहाटावर दोन्हीकडचे लोक काठ्या घेऊन भिडतात तेव्हा वर्गात कुजबुज नव्हती. भांडण ऐन रंगात असताना एक जनावर विहिरीत पडतं. काठ्या टाकून सगळे, आत्ता एकमेकांची डोकी फोडायला निघालेले, दोर लावून ते वर ओढायला लागतात. मी आधी हा प्रसंग ‘शेतकऱ्यांची एकजूट’ म्हणून शिकवायचो. त्या दिवशी एक मुलगा म्हणाला, ‘जनावर निघालं की परत भांडणार ते. पाणी तेवढंच आहे ना.’ त्यानंतर मी ‘एकजूट’ हा शब्द जपून वापरतो.

आता यातला ‘आपण’ मोजा. 1952 च्या सप्टेंबरात जमीनसुधारणेचा कायदा झाला, माणशी दोनशे फेद्दान ही कमाल मर्यादा ठरली (फेद्दान म्हणजे एकरापेक्षा किंचित जास्त). तेव्हापासून पडद्यावर पाशा खलनायक झाला. शाहीननेच 1954 मध्ये तसा एक सिनेमा केला, ज्यातून ओमर शरीफ पुढे आला. म्हणजे पाशाला शिव्या घालणं सरकारमान्यच होतं, आणि ‘अल-अर्द’ला पैसाही सरकारी संस्थेचा आहे. मग त्यात नवं काय? नवं म्हणजे या सिनेमात पाशा जवळपास दिसतच नाही. दिसतो तो शेख हस्सूना, इंग्रजांविरुद्धच्या 1919 च्या उठावातला जुना लढवय्या, ज्याच्या शब्दावर गाव उभं राहतं आणि जो आपली जमीन वाचते म्हटल्यावर कच खातो. अबू सुवैलम त्याला जुन्या दिवसांची आठवण देतो, आपण मर्द होतो आणि मर्दांसारखे उभे राहिलो, अशा अर्थाचं बोलतो. हा अबू सुवैलम महमूद अल-मिलीगीने केलाय, ज्याने आयुष्यभर खलनायक रंगवले. तुरुंगात त्याची मिशी भादरतात. मिशीला पीळ देणाऱ्या मुलखात हे समजावून सांगावं लागत नाही.

कथा राजाच्या काळातली, पण सिनेमा इस्रायलकडून झालेल्या जून 1967 च्या पराभवानंतर दोन वर्षांनी आलेला. त्या पराभवात सहा दिवसांत सिनाई गेलं होतं. जुन्या उठावातल्या पुढाऱ्याने ऐनवेळी लोकांना सोडून दिलं, ही गोष्ट तेव्हाच्या कैरोतल्या प्रेक्षकाने 1930 च्या दशकापुरती घेतली असेल असं तुम्हाला वाटतं का? प्रबंधात एक सवय ठेवा. कथा कोणत्या सालची आणि सिनेमा कोणत्या सालचा, हे दोन आकडे प्रत्येक सिनेमापुढे लिहा. निम्मं राजकारण त्या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत असतं.

शेवटच्या प्रसंगात अबू सुवैलमला घोड्याला बांधून त्याच्याच कापसातून फरफटत नेतात. कॅमेरा चेहऱ्यावरून हातांवर येतो. बोटं माती धरून ठेवायला बघतात आणि मातीत रेघा उठत जातात. भाषण नाही, घोषणा नाही.

इथून ‘अल-उस्फूर’कडे गेलात तर तुम्हाला वाटणारी उडी उरत नाही. सार्वजनिक कारखान्याची यंत्रसामग्री कोण पळवतंय याचा माग काढणारा पत्रकार, एक पोलीस अधिकारी आणि या सगळ्यांचा राबता जिच्या घरी आहे ती बहिया. बहिया हे साधं नाव नाही. गायक शेख इमामच्या गाण्यात इजिप्तलाच ‘बहिया’ अशी हाक आहे, आणि ते गाणं सिनेमात वाजतं. मी पाहिलेल्या सबटायटल्समध्ये हे कुठेच कळत नाही. मैत्रिणीने सांगितलं नसतं तर मी तिला घरमालकीण समजून सोडून दिलं असतं.

शेवट 9 जून 1967 चा. नासर टीव्हीवर पराभव कबूल करून राजीनामा देतो. प्रत्यक्षात त्या रात्री लोक रस्त्यावर आले, त्याने जाऊ नये म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी त्याने राजीनामा मागे घेतला. सिनेमात बहिया रस्त्यावर धावत सुटते, ‘नाही! आम्ही लढणार!’ असं ओरडत, आणि गल्लीगल्लीतून माणसं तिच्यामागे येतात. ही गर्दी नासरसाठी आहे की नासर असो-नसो? दोन्ही बाजूंनी वाचता येतं. मला विचाराल तर दिग्दर्शकाने घोषणेत नेत्याचं नाव पुढे आणलेलं नाही, त्याला मी महत्त्व देतो. सलादीनमध्ये ‘आपण’ला डोकं होतं. इथे डोकं टीव्हीवर राजीनामा देतंय आणि धड रस्त्यावर धावतंय. नासरनंतर अध्यक्ष झालेल्या सादातच्या सरकारने सिनेमा अडवून ठेवला आणि 1973 च्या युद्धानंतरच लोकांसमोर येऊ दिला. पैशात अल्जीरियाच्या सरकारी संस्थेचा वाटा होता. दुसऱ्या देशाच्या सरकारी पैशावर स्वतःच्या देशाची झडती घ्यायची, ही युक्तीही लक्षात ठेवा.

तेव्हा मार्गदर्शकांना असं सांगता येईल: शाहीनने नासरवरून विश्वास काढून घेतला, नासरने लोकांना दिलेल्या वचनावरून काढून घेतला नाही. भूमिका एवढी स्पष्ट पुरे. हे माझं वाचन आहे. मुलाखती वेगळं सांगत असतील तर त्याही समोर ठेवा.

पुढचा टप्पा प्रबंधात बसेल की नाही ते तुम्ही ठरवा. 1979 मध्ये ‘इस्कंदरिया... लेह?’ म्हणजे ‘अलेक्झांड्रिया... का?’ आला, बर्लिनला त्याला परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं. काळ 1942, जर्मन सेनापती रोमेल दारात, आणि एका पोराला नट व्हायचंय. शाहीन आता ‘आपण’ सोडून ‘मी’ म्हणू लागला. पण या ‘मी’च्या शहरात ग्रीक, ज्यू, मुसलमान, ख्रिश्चन सगळे आहेत, आणि शहर सोडून जाणारं ज्यू कुटुंब सहानुभूतीने दाखवलंय. तेच वर्ष इस्रायलशी तहाचं असल्याने काही अरब देशांत त्यावर बंदी आली. नासरवाद्यांना वाटलं हा सादातला फितला. अमेरिकेला फितला असं मात्र कोणी म्हणू शकत नाही. शेवटी त्या पोराची बोट न्यूयॉर्कला पोहोचते तेव्हा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा रंग फासलेल्या, खिदळणाऱ्या बाईच्या रूपात दिसतो.

आता उत्तर आफ्रिका. इजिप्तमध्ये 1935 मध्ये स्टुडिओ मिस्र उभा राहिला. नासर आला तेव्हा तारे, गाणी, वितरण असा अख्खा धंदा होता. अल्जीरियाला 1962 मध्ये हातात मिळालं ते युद्ध आणि युद्धाची आठवण. तिथला ‘आपण’ बराच काळ बंदूक घेतलेला होता. स्वातंत्र्ययुद्धाकडे नेणाऱ्या वर्षांवरच्या लखदर-हमीनाच्या सिनेमाला 1975 मध्ये कान महोत्सवातला सर्वोच्च सन्मान मिळाला. आणि पुढच्याच वर्षी मरझाक अल्लूआशने अल्जीअर्समधल्या एका साध्या नोकरदार पोराचा सिनेमा केला. हा पोरगा टेपरेकॉर्डर घेऊन फिरतो, शाबी या तिथल्या लोकप्रिय शहरी संगीतावर आणि हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर जीव टाकतो, आणि टेपवरच्या एका मुलीच्या आवाजाच्या प्रेमात पडून तिला भेटायला घाबरतो. वीरांच्या देशातला हा भित्रा पोरगा मला फार आवडतो.

ट्युनिशियात नूरी बूझीद डाव्या गटात असल्याबद्दल काही वर्षं तुरुंगात होता. त्याच्या 1986 च्या पहिल्या सिनेमात लग्न ठरलेल्या लाकूडकाम करणाऱ्या तरुणाच्या लहानपणच्या लैंगिक अत्याचाराची गोष्ट आहे, आणि त्याला जवळचा वाटणारा म्हातारा ज्यू वादक आहे. बापाचा, उस्तादाचा, पर्यायाने राष्ट्रपित्याचा धाक तिथे घरातच तपासलाय. इजिप्तमध्येच शाहीनचं उलटं टोक बघायचं असेल तर शादी अब्देल सलामचा ‘अल-मुमिया’ (1969). संवाद बोलीऐवजी ग्रांथिक अरबीत, काळ 1881, आणि ‘आपण’ थेट फॅरोंपर्यंत मागे नेलेला. ‘अल-अर्द’ आणि हा, एकाच वर्षाचे, दोन्ही सरकारी पैशाचे. एका राष्ट्राच्या दोन वंशावळी मांडलेल्या दिसतील.

एक सावधगिरी. आपल्याकडची मुलं लगेच नासर म्हणजे तिकडचे नेहरू असं समीकरण लावतात. अलिप्ततावादामुळे ते सुचतं. पण नासर लष्करातून आला होता, आणि जानेवारी 1953 मध्ये तिथले राजकीय पक्ष बरखास्त झाले होते. आपल्या 1950 च्या दशकातल्या हिंदी सिनेमाशी तुलना करायची तर हे आधी लिहा.

क्रम असा ठेवा: ‘बाब अल-हदीद’, सलादीन (पुन्हा, आणि या वेळी फक्त ईसाकडे बघत), ‘अल-अर्द’, मग ‘अल-मुमिया’, मग ‘अल-उस्फूर’. प्रत्येक सिनेमाचा शेवटचा प्रसंग एकदा आवाज बंद करून बघा आणि पडद्यावर किती माणसं उरली ते वहीत लिहा. सलादीनची प्रत घेताना लांबी तपासा. तो तीन तासांच्या आसपास आहे आणि नेटवर कापलेल्या प्रती फिरतात. ‘अल-अर्द’ शेतीवाडीतल्या कुणाला तरी शेजारी बसवून बघता आला तर बघा. माझ्या वर्गातल्या त्या पोराने नंतर विचारलं होतं, तिथे पाटकऱ्याला पैसे चारून भागत नव्हतं का, म्हणून. मला अजून उत्तर सापडलेलं नाही.